‘टेक द ए ट्रेन’ शिकताना: काळी चार आणि १९४१ ची तबकडी

स्विंग जॅझमध्ये पहिलं पाऊल टाकायला ‘टेक द ए ट्रेन’सारखी दुसरी रचना मिळणं कठीण. सुरावट एकदा ऐकली की गुणगुणता येते. कॉर्ड (एकत्र वाजवायचे सुरांचे गट) मोजकेच, आणि तेही सोप्या पट्टीतले. तरीही तिसऱ्या बारवर (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट) असं काहीतरी घडतं की पहिल्यांदा वाजवणारा हमखास तिथे अडखळतो. हा लेख मुख्यतः त्या तिसऱ्या बारबद्दल आहे. तो नीट समजला की बाकीचं फार जड जात नाही.

साहित्य थोडंच लागेल: कीबोर्ड, हार्मोनियम किंवा गिटार यांपैकी एक वाद्य, मोबाईलमधला मेट्रोनोम आणि मूळ ध्वनिमुद्रण. पाश्चात्त्य नोटेशन वाचता येत नसेल तरी चालेल, कारण खाली सगळं पट्ट्यांत आणि सरगममध्ये दिलं आहे. सा धरायचा पांढरी एक, म्हणजे सी.

आधी योग्य तबकडी शोधा

या नावाने शोध घेतलात तर शेकडो ध्वनिमुद्रणं समोर येतील आणि निम्मी अमेरिकी पियानोवादक आणि वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टनचीच असतील. सुरुवातीला हवी आहे ती १५ फेब्रुवारी १९४१ ची, हॉलिवूडमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी केलेली. तबकडीचा क्रमांक २७३८०, लांबी तीन मिनिटांना जेमतेम कमी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीनच मिनिटं मावत, म्हणून अरेंजमेंटमध्ये पाल्हाळ नाही. तुमच्यासमोरची फाइल आठ मिनिटांची असेल किंवा तिच्यात बाई गात असेल, तर ती नंतरची आवृत्ती आहे. तिच्याकडे पुढे येऊच.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या डिजिटल करताना फिरण्याचा वेग थोडा चुकला की सगळे सूर सरकतात. वेगात सहा टक्क्यांची चूक झाली तर सूर जवळजवळ एक पट्टी वर किंवा खाली जातो. तबकडीबरोबर वाजवताना तुमचा पांढरी एक जुळत नसेल तर वाद्याला किंवा कानाला दोष देण्याआधी दुसरी फाइल लावून बघा.

रचना एलिंग्टनचा सहकारी संगीतकार बिली स्ट्रेहॉर्नची, एलिंग्टनची नव्हे. कार्यक्रमपत्रिकेत ही चूक इतक्या वेळा छापली जाते की इथे स्पष्ट लिहिलेलं बरं. स्ट्रेहॉर्न १९३८ च्या डिसेंबरात पिट्सबर्गमध्ये एलिंग्टनला भेटला. न्यूयॉर्कला आपल्या घरी कसं यायचं हे एलिंग्टनने त्याला सांगितलं, त्यातूनच हे शीर्षक आलं. ‘ए’ ही आठव्या ॲव्हेन्यूखालून हार्लेमकडे जाणारी भुयारी रेल्वेची जलद गाडी. तो मार्ग १९३२ मध्ये सुरू झाला होता.

एकच तबकडी, चार वेळा

पहिल्या वेळी फक्त नकाशा काढा. सुरुवातीला पियानोचे चार बार. मग ३२ बारची पहिली फेरी (जॅझवाले तिला कोरस म्हणतात). सॅक्सोफोन एकजुटीने सुरावट वाजवतात आणि मधल्या मोकळ्या जागांत ट्रम्पेट-ट्रॉम्बोन उत्तरं देतात. दुसरी फेरी रे नान्सच्या ट्रम्पेटची, वाद्याच्या तोंडाला म्यूट (आवाज दबवणारं बूच) लावून. त्यानंतर चार बारचा जोड. तिथे ठेका तीन-तीन मात्रांचा असल्यासारखा भासतो आणि तेवढ्यात सगळा वाद्यवृंद सी सोडून ई फ्लॅटमध्ये शिरतो, म्हणजे सा पांढरी एकवरून काळी दोनवर जातो. तिसरी फेरी या नव्या पट्टीत. तिथे नान्स म्यूट काढून वाजवतो. शेवटचा आठ बारचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, दर वेळी हळू आवाजात, आणि तबकडी संपते.

दुसऱ्या वेळी फक्त बास ऐका. जिमी ब्लँटनचा डबल बास प्रत्येक मात्रेवर चालतो. लहान स्पीकरवर तो ऐकूच येत नाही, म्हणून हेडफोन लावा. तिसऱ्या वेळी सॅक्सोफोन सुरावट वाजवत असताना पितळी वाद्यं काय करतात एवढंच टिपा. चौथ्या वेळी हातात वाद्य घ्या, पण वाजवायचा एकच सूर: काळी चार. पहिल्या फेरीत तो कुठे जुळतो ते शोधा. आठ-आठ बारांच्या चारपैकी तीन तुकड्यांत तिसऱ्या बारवर तो चपखल बसेल आणि इतरत्र बहुतेक ठिकाणी खुपेल. या रचनेच्या हार्मनीचं (कॉर्डांच्या मांडणीचं) मर्म या एका शोधात सापडतं.

मात्रा आणि टाळी

प्रत्येक बार चार मात्रांचा. आठ बारांचा एक तुकडा, आणि चार तुकड्यांची एक फेरी. क्रम अ, अ, ब, अ. तीनतालाची सवय असलेल्यांसाठी: अ म्हणजे दोन आवर्तनं, पूर्ण फेरी म्हणजे आठ. पण हिशेब जुळला तरी वजन जुळत नाही. तीनतालात आपण समेची वाट बघतो. इथे टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. पहिल्या-तिसऱ्यावर टाळी दिलीत तर ठेका जमिनीला चिकटून बसतो आणि स्विंग निघून जातो.

मेट्रोनोम अशा पद्धतीने लावा. तबकडीची लय साधारण १६० ते १७०. मेट्रोनोम ६० वर ठेवा आणि त्याच्या ठोक्यांना ‘दोन’ आणि ‘चार’ म्हणा. खरी लय १२० झाली. ती जमली की ७०, मग ८०, म्हणजे १६०. पहिले काही दिवस ठोका सारखा ‘एक’वर घसरेल. अशा वेळी वाद्य बाजूला ठेवा, नुसतं तोंडाने ‘एक दोन तीन चार’ म्हणत टाळी द्या आणि मग परत वाद्य उचला.

फेरी हरवते ती बहुतेक एकाच ठिकाणी. फेरीचा शेवट अ आणि पुढच्या फेरीची सुरुवात अ, अ. म्हणजे लागोपाठ तीन वेळा तोच तुकडा येतो. नवखा दोन मोजतो आणि तिसऱ्या वेळी ब मध्ये उडी मारतो. याला उपाय एकच, दर अ च्या आधी मनात आकडा म्हणायचा: ‘शेवटचा’, ‘पहिला’, ‘दुसरा’, आणि मग ‘ब’.

पहिलं वाक्य

सहा सूर. मध्य सप्तकातला प, लांब धरलेला. तिथून उडी तार ग वर. मग खाली प, वर तार सा, पुन्हा तार ग, आणि तिथून खाली कोमल ध. पट्ट्यांत सांगायचं तर पांढरी पाच, वरची पांढरी तीन, पांढरी पाच, वरची पांढरी एक, वरची पांढरी तीन, काळी चार.

पहिले पाच सूर सा-ग-प या त्रिकुटातलेच आहेत. म्हणजे कानाला सगळं घरातलं वाटतं. सहावा सूर त्या घरात नाही, आणि स्ट्रेहॉर्न नेमका त्याच्यावर थांबतो. घाईघाईने स्पर्श करून निघून जात नाही, लांब धरतो. त्यामुळे त्या सुराखाली कोणता कॉर्ड आहे याला फार महत्त्व येतं.

गाऊन बघताना एक अडचण हटकून येते. कोमल ध म्हटलं की आपला गळा आपोआप प वर उतरू पाहतो, भैरव-आसावरीच्या सवयीने. इथे तो उतरत नाही. पुढचा ओढा वर, शुद्ध ध कडे आहे. आणि सरावाच्या वेळी तानपुरा ॲप बंद ठेवा. ॲपमधला सतत वाजणारा प काळी चारला लागून घासतो, आणि जॅझमध्ये आधारस्वर दर बारला बदलत असल्यामुळे तानपुऱ्याचा इथे उपयोगही नाही.

अ तुकड्याचे कॉर्ड

बार १ आणि २: सी
बार ३ आणि ४: डी७ फ्लॅट ५ (डी७ मधला पाचवा सूर, शुद्ध ध, अर्धा सूर उतरवून कोमल ध)
बार ५: डी मायनर ७
बार ६: जी७
बार ७: सी
बार ८: सी, किंवा अर्धा बार डी मायनर ७ आणि अर्धा जी७

कीबोर्डवर डाव्या हाताने एकच बास-सूर आणि उजव्या हाताने तीन सूर घ्या:

सी: डावीकडे पांढरी १, उजवीकडे पांढरी १, पांढरी ३, पांढरी ५.
डी७ फ्लॅट ५: डावीकडे पांढरी २, उजवीकडे पांढरी १, काळी ३, काळी ४.
डी मायनर ७: डावीकडे पांढरी २, उजवीकडे पांढरी १, पांढरी ४, पांढरी ६.
जी७: डावीकडे पांढरी ५, उजवीकडे खालची पांढरी ७, पांढरी ४, पांढरी ६.
आणि परत सी.

उजवा हात फार हलला नाही, हे लक्षात आलं असेल. बोटं एखाददुसऱ्या पट्टीनेच सरकतात. आता ही बोटं सुटी सुटी ऐका. सगळ्यात वरचं बोट: प, कोमल ध, शुद्ध ध, शुद्ध ध, प. मधलं बोट: ग, तीव्र म, शुद्ध म, शुद्ध म, ग. एक ओळ अर्ध्या-अर्ध्या सुराने वर चढते, दुसरी एकदा वर उडी मारून अर्ध्या-अर्ध्या सुराने घरी उतरते. कॉर्डची नावं पाठ करण्यापेक्षा या दोन ओळी आळीपाळीने गा. एक माणूस वरची ओळ गातोय आणि दुसरा मधली, असं जमलं तर फारच छान. हार्मनीचा सांगाडा तेवढाच आहे.

हार्मोनियमवाल्यांचा डावा हात भात्यावर अडकलेला असतो. बास सोडून द्या, उजव्या हाताचे तीन सूर पुरेत. पण कॉर्ड ओढून धरू नका. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर थोडक्यात दाबून सोडा, नाहीतर स्विंगचं भजन होतं.

गिटारवर हाच प्रकार आणखी स्पष्ट दिसतो. नेहमीचा उघडा सी धरा. तिसरी तार मोकळी, म्हणजे प. आता डी७ फ्लॅट ५: चौथी तार मोकळी, तिसरी आणि दुसरी तार पहिल्या पडद्यावर (तर्जनी आडवी ठेवून), पहिली तार दुसऱ्या पडद्यावर. डी मायनर ७: चौथी मोकळी, तिसरी दुसऱ्या पडद्यावर, दुसरी आणि पहिली तार पहिल्या पडद्यावर. मग नेहमीचा उघडा जी७. फक्त तिसऱ्या तारेकडे बघा: मोकळी, पहिला पडदा, दुसरा पडदा, मोकळी. प, कोमल ध, शुद्ध ध, प. सगळी गंमत एकाच तारेवर उघडी पडते.

इथे काय बिघडतं

सर्वांत जास्त आढळणारी चूक: कुठल्या तरी वहीत तिसऱ्या बारवर नुसतं ‘डी७’ लिहिलेलं असतं आणि गिटारवाला नेहमीचा उघडा डी७ वाजवतो. त्या आकारात तिसरी तार दुसऱ्या पडद्यावर असते, म्हणजे शुद्ध ध. गाणारा त्याच वेळी कोमल ध धरून उभा. दोन शेजारच्या पट्ट्या एकदम वाजतात आणि गाणाऱ्याला वाटतं आपलाच सूर चुकला. चूक त्याची नसते. गिटारवाल्याने तिसऱ्या तारेवरचं बोट एक पडदा मागे घ्यायचं, बस.

काही वह्यांत त्याच जागी ‘डी७ शार्प ११’ असं असतं. काळी चार दोन्हींत आहे. फ्लॅट ५ म्हणजे शुद्ध ध काढून टाका. शार्प ११ म्हणजे तो सिद्धांताने राहू शकतो, पण काळी चारच्या खाली, लांब असायला हवा. नवख्याने तो वगळलेलाच बरा. यावर तासन् तास वाद घालणारी माणसं भेटतील, ऐकून घ्या आणि वाजवत राहा.

दुसरी चूक पाचव्या बारवर. डी७ वरून सरळ जी७ वर जाण्याची बोटांना सवय असते, म्हणून मधला डी मायनर ७ गिळला जातो. ऐकायला चुकीचं वाटत नाही, पण तीव्र म वरून शुद्ध म वर उतरण्याचा क्षण गेला की रचना जुन्या साच्यात जाऊन बसते. स्ट्रेहॉर्नने तिसऱ्या-चौथ्या बारात ताण वाढवला आणि पाचव्यात, जी७ येण्याआधीच, तो सैल केला. तो सैलपणा वाजवला गेला पाहिजे.

ब तुकडा

याची सुरावट आणि कॉर्ड दोन्ही ऐसपैस आहेत:

चार बार एफ, दोन बार डी७, एक बार डी मायनर ७, एक बार जी७.

एफसाठी डावीकडे पांढरी ४, उजवीकडे पांढरी १, ३, ६. डी७ साठी पांढरी १, काळी ३, पांढरी ६. इथला डी७ साधा आहे, शुद्ध ध घेऊनच. अ मधला फ्लॅट ५ सवयीने इथेही घुसतो, तेवढं सांभाळा. डी मायनर ७ मघासारखाच. शेवटच्या जी७ वर बरेच जण फ्लॅट ९ घेतात: डावीकडे पांढरी ५, उजवीकडे खालची पांढरी ७, पांढरी ४ आणि काळी ४. तीच काळी चार पुन्हा आली, पण या खेपेला तिचं काम वेगळं. अ मध्ये ती प वरून ध कडे चढत होती, आता ध वरून प कडे उतरते.

चार बार एकच एफ वाजवताना मात्रा हरवतात. बासवाला असेल तर त्याच्यावर सोडा, नसेल तर डाव्या हाताने पांढरी ४ आणि पांढरी १ आळीपाळीने वाजवा.

ही हार्मनी कुठून आली, कुठे गेली

पहिल्या पायरीवरच्या मेजर कॉर्डनंतर दुसऱ्या पायरीवरचा सेव्हन्थ कॉर्ड, मग पाचवी पायरी, मग घर. हा मार्ग स्ट्रेहॉर्नच्या आधीपासून लोकप्रिय गाण्यांत होता. जिमी मॅकह्यूच्या १९३० मधल्या ‘एग्झॅक्टली लाइक यू’मध्ये तो सरळ ऐकू येतो. चार्ल्स मिंगसने १९६० मध्ये ‘प्री-बर्ड’ या अल्बमसाठी ही दोन्ही गाणी एकाच वेळी, एकावर एक वाजवून घेतली. ते ध्वनिमुद्रण ऐकलंत की कॉर्डचं नातं सिद्ध करायला आणखी काही लागत नाही.

स्ट्रेहॉर्नने त्यात भर घातली ती फ्लॅट ५ ची आणि मधल्या डी मायनरची. तबकडीच्या सुरुवातीचा पियानोही त्याच रंगाचा आहे. ते चार बार होल-टोन वळणाचे आहेत. या स्केलमध्ये सप्तकाचे सहा समान भाग असतात: सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नि. डी७ फ्लॅट ५ चे चारही सूर (रे, तीव्र म, कोमल ध, सा) या सहांत बसतात. म्हणजे तिसऱ्या बारची चाहूल सुरावट सुरू होण्याआधीच लागलेली असते. पुढे ब्राझीलच्या बोसा नोव्हात हाच रंग पुन्हा भेटतो. जोबिमच्या ‘देसाफिनादू’ची सुरुवात लक्ष देऊन ऐका.

सोलोची पहिली पायरी

सी, डी मायनर ७ आणि जी७ वर फक्त पांढऱ्या पट्ट्या. डी७ फ्लॅट ५ च्या दोन बारांत दोनच बदल: पांढरी ४ ऐवजी काळी ३, पांढरी ५ ऐवजी काळी ४. पाचव्या बारला दोन्ही परत. ब मध्ये एफवर पांढऱ्याच, फक्त पांढरी ७ वर मुक्काम नको. साध्या डी७ वर एकटी काळी ३.

सुरुवातीच्या सरावात प्रत्येक कॉर्डवर एकच लांब सूर धरा, आणि तो मघाच्या दोन ओळींपैकी एका ओळीतला असू द्या. ते सहज व्हायला लागलं की त्या सुराआधी एक-दोन सूर जोडा. पट्ट्यांवर वरखाली पळणं हा सोलो नव्हे. नवखे बहुतेक तिथेच अडकतात, कारण सूर सगळे ‘बरोबर’ असूनही कॉर्ड बदललेला कळत नाही.

स्विंगच्या जोड-सुरांबद्दल (एका मात्रेतल्या दोन सुरांबद्दल) एक खबरदारी. ‘लांब-आखूड’ असं शिकवतात आणि विद्यार्थी ते दादऱ्यासारखं ठोकायला लागतो. लय जितकी जलद, तितका हा फरक कमी होतो. १६० ला तो थोडाच उरतो आणि आखूड सुरावर हलका दाब येतो. शब्दांत एवढंच सांगता येईल, बाकी तबकडीतल्या सॅक्सोफोनांची नक्कल करा.

रे नान्सचा दुसऱ्या फेरीतला सोलो सूर न् सूर उतरवून काढा. तो नोव्हेंबर १९४० मध्ये कूटी विल्यम्सच्या जागी आला होता. या तबकडीवरचा त्याचा सोलो इतका रुळला की तो रचनेचाच भाग मानला जातो, आणि इतर ट्रम्पेटवाले आजही तो तसाच वाजवतात. सोलो म्हणजे दर वेळी नवं काहीतरी, हा आपला समज इथे थोडा सैल करावा लागतो.

ती तबकडी तेव्हाच का झाली

रचना १९३९ ची, ध्वनिमुद्रण १९४१ चं. मधल्या काळात ती पडून होती. मर्सर एलिंग्टनने, म्हणजे ड्यूकच्या मुलाने, सांगितलेली हकीकत अशी की स्ट्रेहॉर्नने ती फ्लेचर हेंडरसन या दुसऱ्या वाद्यवृंदप्रमुखाच्या वळणाची वाटते म्हणून टाकून दिली होती आणि मर्सरने कागद कचऱ्यातून उचलले.

ती बाहेर आली त्याचं कारण पैशांचं भांडण. आस्कॅप ही अमेरिकेतल्या संगीतकारांची हक्कसंस्था. तिने रेडिओकडून जास्त शुल्क मागितलं आणि १ जानेवारी १९४१ पासून रेडिओ केंद्रांनी आस्कॅपच्या सदस्यांच्या रचना वाजवणं बंद केलं. एलिंग्टन सदस्य होता. त्याच्याच वाद्यवृंदाला रेडिओवर त्याच्या रचना वाजवता येईनात. स्ट्रेहॉर्न आणि मर्सर सदस्य नव्हते, म्हणून दोघांना भराभर नवा संग्रह तयार करायला बसवलं. ‘ए ट्रेन’ आधी १५ जानेवारीला रेडिओसाठीच्या ट्रान्स्क्रिप्शन तबकडीवर नोंदवली गेली आणि महिन्याने व्हिक्टरसाठी. वाद्यवृंदाची ओळखधून तोवर ‘सेपिया पॅनोरामा’ होती. तिची जागा या रचनेने घेतली आणि ती एलिंग्टनच्या शेवटापर्यंत राहिली.

पुढे काय ऐकावं

१९४३ च्या ‘रेव्हेली विथ बेव्हर्ली’ या चित्रपटात हा वाद्यवृंद दिसतो, बेटी रोशे गाते. १९४४ मध्ये जोया शेरिलने या चालीवर शब्द लिहिले. १९५२ चं कोलंबियाचं ‘एलिंग्टन अपटाउन’ हे मघाशी उल्लेख केलेलं आठ मिनिटांचं ध्वनिमुद्रण. एलपी आल्यामुळे तीन मिनिटांची वेस मोडली होती. त्यात पियानोची लांब प्रस्तावना, बेटी रोशेचं बीबॉपच्या (स्विंगनंतरच्या वेगवान जॅझशैलीच्या) अंगाने जाणारं गाणं आणि पॉल गोन्साल्वेसचा टेनर सॅक्सोफोन आहे. मूळ तबकडी पाठ झाल्यावरच ऐका, तेव्हाच त्यात काय बदललं ते कळेल.

१९५५ चं क्लिफर्ड ब्राउन आणि मॅक्स रोच यांचं ‘स्टडी इन ब्राउन’ पाच वादकांचं. सुरुवातीला वाद्यांनीच गाडी सुटते. लहान ग्रुप असेल तर मोठ्या वाद्यवृंदापेक्षा हीच आवृत्ती नमुना म्हणून जास्त कामाची. १९५७ मध्ये एला फिट्झजेराल्डने खुद्द एलिंग्टनच्या वाद्यवृंदाबरोबर ती गायली. आणि हार्मनी शांतपणे ऐकायची असेल तर स्ट्रेहॉर्नचा स्वतःचा १९६१ चा पॅरिसमधला पियानो, ‘द पीसफुल साइड’ या अल्बमवर.

१९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या विलिस कॉनोव्हरने आपल्या जॅझच्या कार्यक्रमाची सुरुवात याच धूनने केली, आणि शॉर्टवेव्हवर ती जगभर पोचली. मुंबईला मात्र या संगीताची सवय त्याआधीपासून होती. ताजमध्ये तीसच्या दशकातच आफ्रिकन-अमेरिकन वादकांचे बँड वाजत होते, आणि त्यांच्याबरोबर वाजवून तयार झालेले गोव्याचे वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओंत गेले. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, आपल्या सी. रामचंद्रांबरोबर काम करत होता. ‘अलबेला’तल्या ब्रासकडे या कानाने एकदा ऐकून बघा. १९६३ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर एलिंग्टनचा वाद्यवृंद भारतात आला आणि मुंबईतही वाजला. स्ट्रेहॉर्न त्या दौऱ्यात बरोबर होता.

पट्टी बदलणं आणि संपवणं

मूळ तबकडीप्रमाणे वाजवायचं तर तिसऱ्या फेरीला ई फ्लॅट हवा. सा काळी दोन. कॉर्ड: ई फ्लॅट, एफ७ फ्लॅट ५, एफ मायनर ७, बी फ्लॅट ७. ब तुकडा ए फ्लॅटवर सुरू. मघाच्या काळी चारचं काम आता पांढरी सात करते, आणि ते बोटांना पटायला वेळ लागतो. कीबोर्डचं ट्रान्स्पोज बटण दाबून मोकळं होऊ नका, निदान अ तुकडा तरी हाताने बसवा. ग्रुप नवा असेल तर पहिल्या कार्यक्रमात पट्टी न बदलता तीनही फेऱ्या सी मध्येच वाजवाव्यात. लोकांना उणीव जाणवत नाही, पण कोसळलेला जोड लगेच कळतो.

शेवट आधी ठरवून घ्या. शेवटचा अ एकूण तीन वेळा, दर वेळी आवाज कमी करत, लय मात्र तीच. आवाज उतरला की लयही उतरते, ही इथली ठरलेली चूक. ड्रमवाल्याने दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा हाय-हॅट (पायाने वाजवायच्या झांजा) शेवटच्या बारपर्यंत सोडायचा नाही, आणि तिसरा अ सुरू होताना एकाने बोटं वर करून खूण करायची, म्हणजे कोणी चौथ्यांदा प धरत नाही.